शालूबाईचं सोंग

आमच्या गल्लीत साधी विचारपूससुद्धा भांडण लागल्यासारखी होते. तिथं शालूबाई मात्र विंगेतून बोलल्यासारखी हळू बोलायची. ती आणि तिचा नवरा हंबीरराव पिठाची गिरणी चालवत.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला कमी ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, कानातलं घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, पण तांदळाहून लहान हाड जागच्या जागी घट्ट बसलंय. ऑपरेशन करून तिथं कृत्रिम तुकडा बसवता येईल, नाहीतर कानाला मशीन लावा. शालूबाईनं ऑपरेशन धरलं. तारीखही ठरली.

त्याच आठवड्यात मी दळण घेऊन गेलो. चालू गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटात हंबीरराव ओरडला, "अण्णा, तुम्ही तीस वर्षं नाटकात सोंगं काढलीसा. तुम्हीच सांगा. घरात हाक मारली की ही बहिरी, आन् हितं एवढ्या आवाजात गिऱ्हाइकाचं सगळं ऐकती. सोंग हाय का न्हाय?"

समोर चार गिऱ्हाइकं उभी. नाटक सुटलेल्या नटाला चार माणसंही हाऊसफुल्ल वाटतात. मी हात फैलावले आणि शेवटच्या रांगेला पोचेल अशा आवाजात म्हणालो, "सोंगच! आणि काय झकास वठवलंय!"

हशा पिकला. टाळीही पडली. शालूबाई पाठमोरी चाळण झाडत होती. हंबीररावानं तारीख मोडली आणि तिनं पुन्हा विषय काढला नाही.

त्याला बावीस वर्षं झाली. हंबीरराव गेला. यंदा सून वर्षाराणीनं तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, या दुखण्यात गोंगाटात उलट बरं ऐकू येतं आणि स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून माणूस हळू बोलतं. आता आतली नसही कमजोर झालीय. ऑपरेशननं फारसं साधणार नाही, मशीनवरच भागवायचं.

वर्षाराणीनं हे सांगितलं त्या दिवशी मी माफीची वाक्यं पाठ करून गिरणीत गेलो. गिरणी चालूच होती.

"शालूबाई, त्या दिवशी हंबीररावाला मी जे..."

"ऐकलं होतं की, अण्णा," ती हळूच म्हणाली. "तवाबी गिरणी चालूच होती."

आणि दळणाच्या डब्यासाठी हात पुढं केला. मी डबा आणलाच नव्हता.