ह्यांचा आरमारप्रमुख आणि आमची मुलगी

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच चालत्या बोटीत पाय ठेवला. आइल ऑफ वाइटला जाणारी फेरी, जेमतेम पाऊण तासाचा प्रवास, समुद्र अगदी शांत. आणि हे अर्धा तास कठड्यावर वाकून ओकत होते. मग रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "त्यालासुद्धा जन्मभर बोट लागायची!" त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात 'तो' एकच. लंडनच्या मधोमध उंच खांबावर उभा करून ठेवलेला इंग्रजांचा आरमारप्रमुख. एक हात गेलेला, एक डोळा गेलेला, आणि दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराचा धुव्वा उडवताना गोळी लागून मेलेला.

हे स्वतः हीथ्रोला कार्गोमध्ये अठ्ठावीस वर्षं फॉर्म भरत होते. मॅनेजरने नुसती हाक मारली तरी खुर्चीतून ताडकन उठायचे, एवढंच काय ते शौर्य. पण साताऱ्याच्या शाळेत कुणा मास्तरांनी ह्या माणसाची गोष्ट सांगितली होती आणि ती ह्यांच्या डोक्यात कायमची जाऊन बसली. आम्ही लंडनला उतरलो तेव्हा मला पाचवा महिना होता, पाय सुजलेले, साडीवर उसना कोट. आणि हे मला सगळ्यात आधी कुठे घेऊन गेले, तर तो खांब बघायला. "बघ, केवढा उंच!" म्हणे. मला धुक्यात काही दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा फक्त बाथरूमला जायचं होतं.

दोन हजार पाच साली त्याच्या मरणाला दोनशे वर्षं झाली आणि सगळ्या देशाला उमाळा आला. टीव्हीवर तो, पोस्टाच्या तिकिटावर तो. हे पोर्ट्समथला जाऊन त्याचं जहाज बघून आले (कोरड्या गोदीत उभं केलेलं, म्हणून ओकले नाहीत) आणि येताना त्याचं चित्र असलेला टी-टॉवेल घेऊन आले. त्याने भांडी पुसायची नाहीत असं मला बजावलं. मी दुसऱ्याच दिवशी त्याने कढई पुसली.

आमच्या मराठी मंडळाला तर काय, निमित्तच हवं असतं. महिन्यातून एका रविवारी दुपारी वेम्बलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, कुणीतरी बोलायचं आणि बाकीच्यांनी बटाटेवड्यांच्या वासाकडे नाक लावून बसायचं. त्या ऑक्टोबरात ह्यांचं व्याख्यान ठरलं. 'एका महान दर्यावीराची जीवनगाथा'. विषय ऐकूनच मी कपाळाला हात लावला, कारण तालीम घरी होणार होती.

रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटायची आणि हे फ्रिजला पाठ टेकून बोलायचे. बाराव्या वर्षी आरमारात दाखल, विसाव्या वर्षी कप्तान! "मामा तिथे वर बसला होता ना," मी म्हणाले. "आपल्याकडे ह्याला वशिला म्हणतात." हे ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे जायचे. मग ती प्रसिद्ध गोष्ट. वरच्या साहेबाने माघार घ्यायची खूण केली, तर ह्याने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला खूण दिसतच नाही. इथे हे माझ्या हातातलं लाटणं हिसकावून डोळ्याला लावून दाखवायचे. पीठ लागायचं भुवईला.

"साहेबाचं न ऐकणं हा एवढा पराक्रम असेल," मी म्हटलं, "तर तुम्ही अठ्ठावीस वर्षं काय करत होता?"

"तुला इतिहास कळत नाही," हे म्हणाले.

मला कळत होता. ह्यांनी लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक मीही वाचत होते, बसमध्ये, केमिस्टच्या दुकानात कामाला जाता-येता. त्यात असं होतं की ह्या महापुरुषाने वेस्ट इंडीजच्या एका बेटावर लग्न केलं, पुढे दुसऱ्याच्या बायकोपायी आपल्या बायकोला सोडलं, आणि तिने परत या म्हणून पत्र लिहिलं तर ते 'चुकून उघडलं, वाचलेलं नाही' असा शेरा मारून परत गेलं. मी विचारलं, हे सांगणार ना? तर म्हणाले, "ते खासगी. लहान मुलं असतात हॉलमध्ये."

पण त्या दुसऱ्या बाईपासून त्याला झालेली मुलगी मात्र व्याख्यानात होती. आपली मुलगी असं चारचौघांत म्हणायची सोय नव्हती, म्हणून तो तिला धर्मकन्या म्हणवून मिरवायचा. शेवटच्या लढाईआधी दोन दिवस त्याने त्या चिमुरडीला पत्र लिहिलं, आणि लढाईच्या दिवशी सकाळी कागदावर लिहून तिला देशाच्या ओटीत टाकलं. इथे ह्यांचा गळा दाटून यायचा. रोज. फ्रिजला टेकून, चष्मा काढून डोळे पुसायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण आमचीही एक मुलगी होती. मुलगा मँचेस्टरला, आणि ही लेस्टरच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिने दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका सहकाऱ्याशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा सालस, हसरा, इथेच जन्मलेला, आईवडील जमैकाचे. झालं! ह्यांनी बोलणं तोडलं. मंडळात विचारलं कुणी, तर "ऑस्ट्रेलियाला गेलीय, कामासाठी" असं ठोकून दिलं. आता लेस्टर म्हणजे काय चंद्र आहे? निम्मं मंडळ साड्या घ्यायला तिथल्या बेलग्रेव्ह रोडला जातं. पण माणसं भली, किंवा आळशी. ऑस्ट्रेलिया खपून गेलं. मी एकदा म्हटलं, "तुमच्या लाडक्याला त्या बेटांवरची बायको चालली की." तर म्हणाले, "ती गोरी होती." ऐकलंत? एवढं सरळ, पोळीचा तुकडा मोडता मोडता. आणि मीही त्या दिवशी मूग गिळून बसले, हे माझंही लिहून ठेवते.

त्याच वर्षी मे महिन्यात तिला मुलगा झाला. मी कोचच्या बसने जाऊन-येऊन बाळंतपण केलं. हे इथे टोस्ट खाऊन राहिले. ऑक्टोबरात तिचा फोन आला. "आई, बाळाची उष्टावण करायची आहे, पुढच्या महिन्यात. पहिला घास माझ्या बाबाने द्यायचा. मी कार्ड पाठवलं आहे त्याला. ह्या वेळी नाही आला तर आय वोन्ट आस्क अगेन." मुलगी माझीच, म्हणजे नाही विचारणार. कार्ड आलं. ह्यांनी पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि न फोडता टोस्टरच्या मागे ठेवून दिलं. पाच दिवस ते तिथेच, आणि समोर उभं राहून हे परक्याच्या पोरीसाठी गळा काढत होते.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी म्हणाले, "अगं, परिचय लिहून दे."

आमच्या मंडळाची ही एक रीत. वक्त्याचा परिचय वक्त्याच्याच घरून लिहून जातो, आणि सेक्रेटरी तो माइकवर असा वाचते, जणू सगळा गाव तिला येऊन सांगून गेलाय. स्वतःची स्तुती स्वतःच्या अक्षरात बरी दिसत नाही, म्हणून ती बायकोने लिहायची. ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं. जन्म सातारा. व्यासंगी. मितभाषी (मी हसले नाही). आणि शेवटी, "कुटुंबात पत्नी व एक मुलगा."

"एक मुलगा?" मी विचारलं.

"लिही सांगतो तेवढं."

मी लिहिलं तेवढं. मग हे झोपायला गेल्यावर, घाईत अक्षर बिघडलं म्हणून, पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवून काढलं. उतरवताना दोन ओळी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. सेक्रेटरीबाई नागपूरच्या, बँकेत नोकरीला, आवाज खणखणीत. कागद त्यांनी तिथेच पहिल्यांदा उघडला. हे स्टेजवर हातांची घडी घालून, मान जराशी तिरकी करून, खांबावर उभे असल्यासारखे बसलेले. सातारा झालं, व्यासंग झाला. मग त्या वाचू लागल्या, "कुटुंबात पत्नी, मँचेस्टरला असलेला मुलगा, आणि लेस्टरला हॉस्पिटलात नोकरी करणारी मुलगी. ह्याच वर्षी मुलीला मुलगा झाला असून सर आजोबा झाले आहेत. पुढच्या महिन्यात नातवाला पहिला घास भरवायला ते लेस्टरला जाणार आहेत."

काय टाळ्या पडल्या! मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पेढे कुठे?" पुढच्या रांगेतल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "म्हणजे ऑस्ट्रेलियाहून परत आली का?" ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता इथेच ओकतात. पण शंभर माणसं हसून बघत असताना करणार काय? उठले, हात जोडले, "हो... हो..." म्हणाले आणि व्याख्यान सुरू केलं. मुलीला लिहिलेल्या पत्रापाशी आले तेव्हा मी आतले वडे सोडून हॉलच्या दारात येऊन उभी राहिले. गळा दाटला नाही त्या दिवशी. ते पान ह्यांनी उलटलंच, सरळ लढाईवर गेले.

 घराच्या दारात म्हणाले, "चारचौघांत अपमान केलास माझा."

"केला," मी म्हटलं. "आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही."

आत येऊन ह्यांनी कोटसुद्धा काढला नाही. टोस्टरपाशी गेले, पाकीट फोडलं, आतला फोटो धरून उभे राहिले. मग विचारलं, "नाव काय ठेवलंय?" पाच महिन्यांनी!

"तिला विचारा."

"नंबर दे."

मुलीचा नंबरसुद्धा ह्यांच्याकडे नव्हता. मी दिला. फोन लागला, पलीकडून "हां, आई, बोल" असं आलं आणि ह्या शूराने रिसीव्हर घाईघाईने माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग म्हणाले, "आई नाही. मी."

तिने फोन ठेवला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.  पुन्हा लावला, वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिने उचलला. ती काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, पण बराच वेळ बोलत होती, आणि हे भिंतीकडे तोंड करून म्हणत होते, "हो. हो. येतो. चुकलं माझं. हो." एकतीस वर्षांच्या संसारात हे शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. माझ्यासाठी म्हणून ते अजून आलेले नाहीत.