पंप देवळापुढं, पाणी वस्तीत

चार जुने नोकरदार एकत्र बसले की पहिला चहा तब्येतीवर जातो आणि दुसऱ्या चहाला किस्से सुरू होतात. आमच्या कंपनीचे किस्से तर इतके साठलेत की एक ओढला की मागनं दहा येतात. लोक हसतात, मीही हसत सांगतो. पण बहात्तरच्या दुष्काळातले वाशीकडचे किस्से सांगून घरी आलो की जेवण गोड लागत नाही, हे आपलं तुम्हाला म्हणून सांगतो.

कंपनी सोलापूरची. बोअरच्या रिग आणि हातपंप बनवायची. दुष्काळ पडला तेव्हा मालकांना वाटलं, आपणही समाजासाठी काही करावं. सोलापूरपलीकडच्या वाशीजवळचं एक गाव 'दत्तक' घेतलं. तिथं झाडं लावायची आणि बोअर पाडून एक हातपंप द्यायचा. प्रमुख जोगळेकरसाहेब, रिगवर नळदुर्गचे युसूफभाई आणि पडेल ते काम करायला मी, असिस्टंट इंजिनिअर.

*

पाण्याआधी झाडं आली! हेड ऑफिसनं ट्रकभर रोपं पाठवली आणि त्यांच्यासाठी रोजचा टँकर. टँकरवर लाल अक्षरात 'फक्त रोपांसाठी'. गावची विहीर तळाला गेलेली, आणि आम्ही खड्ड्यांत पाणी ओततोय! एके सकाळी बघतो तर रोपांच्या रांगेत बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीपुढं घागर.

साहेब म्हणाले, "अहो, हे पाणी रोपांचं आहे."

खालच्या बौद्ध वस्तीतली गयाबाई नावाची म्हातारी बसल्या जागेवरनं म्हणाली, "व्हय साहेब. मग आमालाबी लावा की खड्ड्यात!"

साहेब ओशाळले, त्यांनी घागरी भरू दिल्या. रोपं वाळली. हेड ऑफिसनं आणखी रोपं पाठवली.

*

गयाबाईचं दुखणं मला नंतर कळलं. वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीचा दोर धरायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून लांब बसायचं. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर ती वरून ओतणार. नाही आली तर बसून राहायचं. सरकारी कायदा काय म्हणतो ते सगळ्या गावाला पाठ होतं, पण विहिरीवर गावाचा कायदा!

ती मला म्हणाली, "बाबा, आमच्या वस्तीत पंप बसवा. मला आजून काय नगं."

मी म्हटलं, "पाणी लागलं तर बसवू, आजी." कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञानं यंत्र घेऊन गाव पालथं घालून खूण केली होती ती नेमकी वस्तीपाशी, ओढ्याच्या काठाला. मला आनंद झाला होता.

*

सरपंचांना झाला नाही. म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? आमी नारळ धरतो." पाणाड्या आला. तळहातावरचा आडवा नारळ पाण्यावर आला की उभा राहतो, अशी तिकडची रीत. नारळ उभा राहिला तो थेट देवळापुढं, सरपंचांच्या दारासमोर!

युसूफभाई माझ्या कानात म्हणाले, "साब, नारियल बी इनकी पार्टी का है!"

साहेबांनी गावाचं मन राखलं. रिग लागली, पूजा झाली, नारळ फुटला. आतनं नुसता फुफाटा. मग चावडीपुढं बोअर पाडली, तिथं फुफाटा. शाळेमागं पाडली, तिथंही तेच. आम्ही पीठगिरणीतल्यासारखे पांढरे झालो. प्रत्येक बोअरला नवा नारळ.

शेवटी युसूफभाई म्हणाले, "आज तक जितना पानी निकला, सब नारियल का!"

*

मग नाइलाजानं रिग वस्तीत गेली. तिथं नारळ फोडायला कुणी आलं नाही. दुपारी धुरळ्याचा रंग बदलला, चिखल उडाला आणि पाणी आलं! पोरं त्यात नाचली. पंप बसवला. गयाबाईनं दांडा मारला, घागर भरली, ओट्यावर ओतून दिली. परत भरली, परत ओतली.

युसूफभाई कळवळले. "अम्मा, फेंको नक्को!"

"फेकत न्हाय रं बाबा," ती म्हणाली, "माज्या हातानं भरून बगतीया."



*

हेड ऑफिसहून मोठे साहेब उद्घाटनाला येणार ठरलं. मांडव घातला देवळापुढं. सरपंच म्हणाले, "गावचा पंप गावात पायजे. पावण्यास्नी काय वड्यात नेणार?"

जोगळेकरसाहेबांनी समजावलं, "अहो, पाणी तिकडं लागलंय."

"पानी ऱ्हाऊ द्या की तिथं! पंप तेवढा हिकडं बसवा."

मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी पंप काढायला लावला, "फंक्शनपुरता" म्हणून. वस्तीतल्या भोकात पोर पडेल म्हणून वर पत्रा वेल्ड करून टाकला. देवळापुढच्या कोरड्या बोअरमध्ये टँकर रिकामा केला, कॅमेरा लागला, मोठ्या साहेबांनी दांडा मारला आणि धो धो पाणी पडलं. रोपांचं पाणी! टाळ्या वाजल्या. कंपनीच्या मासिकात पहिल्या पानावर फोटो आला.

*

फंक्शननंतर पंप परत न्यायला गेलो तर त्याला हळद-कुंकू, हार, खणाची घडी. सरपंच म्हणाले, "पूजा झालेली वस्तू उठवता येत न्हाय साहेब. गावाला पाप लागंल."

दांडा मारून पाहिला. थेंब नाही. पण पूजा झाली ती झाली! दुसरा पंप मागवायचा तर हेड ऑफिस विचारणार, पहिला चालू असताना दुसरा कशाला? फोटो तर सगळ्यांनी पाहिला होता.

*

गयाबाईला सांगायला आम्ही तिघं निघालो. ऊन असं की जीप तव्यासारखी तापलेली. वाटेत साहेबांनी पाणी मागितलं. युसूफभाईंनी पाण्याचा रिकामा कॅन उलटा करून दाखवला.

वस्तीत पोचलो. साहेब काही सांगायच्या आत गयाबाईच म्हणाली, "पंप ऱ्हाऊ द्या द्येवापाशी. ह्यो पत्रा तेवढा काडा."

साहेबांनी मान हलवली. युसूफभाईंनी छिन्नी-हातोड्यानं पत्रा उचकटला. गयाबाई घरातनं पत्र्याचा एक लांबट, निमुळता डबा घेऊन आली, दोर बांधलेला. त्या अरुंद भोकात तिनं तो हळूहळू सोडला. खाली बुडल्याचा आवाज आला. दोन्ही हातांनी ओढून वर काढला. गार पाणी, काठोकाठ.

पितळी पेला पदरानं पुसून तिनं भरला आणि साहेबांपुढं धरला. "पयलं तुमी घ्या. तुमच्या यंत्रानं काडलं."

साहेबांनी पेल्याकडं पाहिलं, वस्तीकडं पाहिलं, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाले, "राहू द्या आजी. जीपमध्ये आहे आमच्याकडं."