आयेचा बोटीवरचा संडास

माझा धाकटा भाऊ बोटीसाठी संडास बघत फिरतोय, हे कळल्यावर सगळ्यात आधी हसले ते त्याचेच खलाशी. "नाखवा, आता एक शावर पन लावा," असं म्हणे त्यातला एक म्हणाला. भावानं मला हे फोनवर हसतहसत सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. हसायला काय जातंय मेल्यांचं! बोटीच्या कडेला उभे राहिले की झाले मोकळे. बायकांनी कुठं जायचं? मी म्हटलं, दे त्याच्याकडे फोन. त्यानं दिला नाही, नाहीतर त्या दिवशी एक खलाशी काम सोडून गेला असता.

आमचं माहेर गव्हाणचं, अगदी खाडीला लागून. मी लग्न होऊन खांदा कॉलनीत आले, भाऊ तिथंच राहिला आणि वडिलांच्या मागे बोट सांभाळू लागला. वर्षभर त्या बोटीवर बाई चढत नाही. चढायची ती नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी बोट सजते, घरची-नात्यातली बायकापोरं नटूनथटून बसतात, आणि खाडीच्या तोंडाशी जाऊन दर्याला नारळ सोडतात. वडील गेल्यापासून आमच्या घरचा नारळ आई सोडते. आम्ही तिला आये म्हणतो. वर्षभर ती त्या एका दिवसासाठी जगते असं म्हटलं तरी चालेल. लुगडं महिनाभर आधी ठरलेलं असतं.

पण आमच्या खाडीची एक खोड आहे. भरतीला बाहेर पडलात की मागून ओहोटी लागते, धक्क्यापाशी नुसता चिखल उघडा पडतो, आणि पुन्हा पाणी चढेपर्यंत बोट आत येऊ शकत नाही. म्हणजे अख्खा दिवस बोटीवरच. तिथंच जेवण, तिथंच गाणी, तिथंच नाच. आणि संडास म्हणाल तर बोटीच्या पाठीमागं बाहेर काढलेली एक फळी, तिला भोक, तीन बाजूंना ताडपत्री आणि चौथ्या बाजूला देवाचा भरवसा. वारा सुटला की ताडपत्री नाचायची आणि शेजारच्या बोटीवर बेंजो वाजत असायचा. कोण जाणार तिथं?

म्हणून बायकांनी आपला मार्ग काढला होता. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. कुणी कुणाला सांगितलं नाही, शिकवलं नाही, सगळ्याच करायच्या. लहानपणी मला वाटायचं, हा दर्याचा उपास आहे. मी पण मोठ्या भक्तिभावानं धरायचे. ओठ सुकले की आये ओल्या पदरानं पुसायची आणि म्हणायची, "झाला आता, येलच भरती." तो उपास नव्हता हे कळायला मला तेरावं वर्ष उजाडावं लागलं, आणि कळल्यावर मला दर्याचा नाही, आमच्या सगळ्या बाप्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी ती पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी आयेला हुडहुडी भरली. लघवीत जंतू झाले होते, ताप उतरेना. पनवेलला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रात्रंदिवस तिच्या उशाशी. घाबरले होते मी, खोटं कशाला बोलू? डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या पण स्पष्ट होत्या. म्हणाल्या, "आजी, या वयात असं कोरडं राहायचं नाही. पुन्हा झालं तर मूत्रपिंडावर जाईल. पाणी प्यायचं नसेल तर बोटीवर जायचं नाही."

आये सलाइनच्या हातानंच उठून बसली. "मंग नारल कोन सोरनार, तुमी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. भाऊ दाराशी उभा होता, तो मात्र हसला नाही. त्या पावसाळ्यात वाऱ्यानं ती मागची फळी ताडपत्रीसकट उडवून नेली होतीच. तो मला जिन्यात म्हणाला, "ताय, पुढल्या पुनवेच्या आधी नीट कायतरी बसवतो. आये आली पायजेल."

झालं, शोध सुरू. पनवेलच्या बाजारात आम्ही दोघं एका दुकानात गेलो, जिथं नळ, टाइल्स, बेसिन असं सगळं मिळतं. दुकानदाराला भावानं सांगितलं, बोटीवर बसवायचाय. त्यानं मान डोलावली आणि थेट बंगल्यात शोभेल असा पांढराशुभ्र कमोड दाखवला. म्हणाला, "टाकी कुठे बसवणार, टेरेसवर?" भाऊ म्हणाला, "अहो, बोट. पान्यावरची." तर म्हणतो, "हां हां, मग पाण्याचा प्रश्नच नाही!" मी भावाला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग तो मुंबईला जाऊन आला. जुनी जहाजं मोडून त्यांचं सामान विकतात, तिथं त्याला एक झकास वस्तू दिसली होती. बाजूला हाताचा पंप असलेला जहाजावरचा संडास. पंप मारला की समुद्राचं पाणी आत, दुसरीकडून घाण बाहेर. भाऊ खूश, फोटोच काढून घेऊन आला. त्याला एकच गोष्ट लागणार होती. बोटीच्या तळाला, पाण्याखाली, दोन भोकं.

आयेनं फोटो बघितला आणि मोबाइल उलटा करून ठेवला. "पूजा केलेली बोट हाय ती. तिच्या पोटाला भोक पारशील माझ्यासाठी?"

आमच्या घरात बोटीवर कुणी चपला घालून चढत नाही. नवी लाकडं बसवतानाही तिला आधी हात जोडतात. भावानं फोटो पुसून टाकला. पंप रद्द. मी वैतागले, म्हटलं बोटीच्या पोटाला जपतेस, स्वतःच्या पोटाला कोण जपणार? पण आयेपुढं माझं काही चालत नाही, आणि खरं सांगायचं तर भोकाची कल्पना मलाही बरी वाटली नव्हती.

शेवटी माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर एक डबा शोधून काढला. रानात तंबू ठोकून राहणाऱ्यांसाठी असतो तसला. वरच्या भागात पाणी आणि बसायची जागा, खालच्या भागात टाकी, मध्ये घट्ट झाकण, बाजूला कड्या. टाकीत औषध घालायचं म्हणजे वास येत नाही. भोक नको, पाइप नको. भरला की कड्या काढायच्या, खालचा भाग उचलायचा आणि घरी संडासात नेऊन ओतायचा. मागवला. खांदा कॉलनीत आमच्याकडे खोकं आलं तेव्हा समोरच्या वहिनींनी विचारलं, "आईस्क्रीमची पेटी का हो?" मी हो म्हटलं. काय सांगत बसायचं?

आयेला मुद्दाम बोलावून घेतलं. भर हॉलमध्ये डबा मांडला आणि तिला म्हटलं, बस, उंची बघ, गुडघ्यांना जमतंय का सांग. ती लुगडं सावरत, तोंड वाकडं करत बसली. भाऊ लगेच दोन्ही बाजूंनी डबा धरून हलवायला लागला.

"काय करतंस रं?"

"लाटा, आये. उधान आलंय. धर घट!"

आयेनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की वर राहणाऱ्यांना ऐकू गेला असेल. मग स्वतःच हसायला लागली. हसून हसून डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, सुटलो! जमलं!

डोळे पुसत तिनं विचारलं, "भरला का वतनार कोन?"

"मी," भाऊ म्हणाला.

ती उठली. अगदी शांतपणे उठली, पदर झटकला. "नाखवा हाय तू. धक्क्यावर सगला गाव बगनार आन् तू माजी घान खांद्यावरशी नेनार? मी नाय बसनार त्याच्यावर." भावानं सांगून बघितलं, मी रागावून बघितलं, नवऱ्यानं औषधाची बाटली वाचून दाखवली. ती ऐकेल तर शपथ. चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकलेली बाई. गिऱ्हाइकापुढं हरली नाही, आमच्यापुढं हरणार होती?

तरी भावानं बोटीवर डब्यासाठी खोली बांधली. प्लायवूडची, पक्क्या दाराची, आतून कडी, हाताला धरायला दांडा. निळा रंग दिला. म्हणाला, "बसली तर बसली." त्याच्या डोळ्याला डोळा द्यायला मला जमेना.

नारळी पौर्णिमेला मी पहाटेच माहेरी पोहोचले. आयेला तांब्याभर पाणी दिलं आणि समोर बसून म्हटलं, पी. ती म्हणाली, "तू जा, बोटीवर खायला शेंगा घे, मी पितंय." मी गेले आणि खिडकीतून बघते तर बाईसाहेब तांब्या तुळशीत ओततायत. अशी आग लागली मला डोक्यात! म्हटलं, तुला दवाखान्यातच राहायचंय का? तर म्हणे, "तुलस सुकली व्हती." भर श्रावणात! पाऊस धो धो पडतोय बाहेर! पण ती दर्याचा सोनेरी कागदातला नारळ हातात घेऊन दारात उभी, नाकात नथ, डोक्यात अबोली. तिला घरी कोंडून ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

बोट भरतीला सुटली. पाऊसही उघडला. आयेनं नारळ सोडला, हात जोडले, पुटपुटली. बेंजो सुरू झाला. माझं लक्ष तिच्या ओठांवर. मागं धक्क्याशी पाणी उतरायला लागलं असणार, आता संध्याकाळ उलटेपर्यंत परत जाणं नाही. पाण्याची बाटली मी तिच्यापुढं धरली की ती मान फिरवायची.  मनात म्हटलं, उद्या पुन्हा त्याच खाटेवर.

आणि तेवढ्यात माझं लक्ष मावशीकडं गेलं. मावशी म्हणजे आयेची धाकटी बहीण. ती हळदीकुंकवाची कोयरी घेऊन त्या निळ्या खोलीपुढं उभी होती. झालं होतं असं की खलाशांनी सकाळी अख्खी बोट सजवली आणि त्या भरात संडासाच्या दारालाही झेंडूचं तोरण बांधलं होतं. मावशीला वाटलं, भाच्यानं बोटीवर देवीची खोली बांधली. तिनं दाराला हळद लावली, कुंकू लावलं, डोकं टेकवलं आणि म्हणाली, "बरा केलास पोरा. आता दार उघर, दर्शन घेतंय."

बेंजोवाला थांबला. भावाचा चेहरा असा झाला की काय सांगू. "मावशे," तो म्हणाला, "देव नाय तो. संडास हाय."

मावशी दाराकडं बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या बसतात. तिनं कोयरी माझ्या हातात दिली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "अरं मेल्या, मंग सकालधरून का नाय सांगला?" आणि आत गेली. कडी लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

ती बाहेर आली तेव्हा दारापुढं आणखी दोन बायका उभ्या होत्या. त्यांच्यामागं माझी चुलत वहिनी. नुसत्या पदर तोंडाशी धरून हसत होत्या. अगं बाई, म्हणजे सगळ्याच! सगळ्याच कोरड्या बसल्या होत्या नटूनथटून.

आये मात्र आपल्या जागेवरून हलली नाही. भाऊ तिच्यापुढं येऊन उकिडवा बसला. पण बोलला तो तिच्याशी नाही, खलाशांशी. "आज बोटीच्या कडेला कोन पन उभा रानार नाय. सगल्यांनी आत जायचा. मी पयला." आणि खरंच गेला. मग तो शावरवाला खलाशी, आडदांड, मिशाळ, तोरण चुकवायला मान वाकवून आत गेला. त्यांच्यामागं माझा नवरा. सुकाणू धरणारा म्हातारा तांडेल तर कुरकुरतच गेला, की कडेला बरा वारा लागतो.

भाऊ परत येऊन आयेपुढं बसला. "आये, बाजारात तू काय बोलायचीस? पाटीत परली का मंग..."

आये नथ सारखी करायला लागली. हे तिचंच वाक्य. बाजारात दोन बोटींची मासळी एका पाटीत पडली आणि भांडण लागलं की ती ते सुनवायची, आणि भांडण तिथंच मिटायचं.

"बोल ना. पाटीत परली का मंग?"

"...मंग कोनाची मासली कोनाला कलते," आये हळूच म्हणाली.

"मंग? आता मी खांद्यावरशी काय नेनार, तुजी घान का सगल्या बोटीची?"

आयेनं त्याच्याकडं बघितलं, निळ्या दाराकडं बघितलं, रांगेतल्या बायकांकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि माझ्याही, लपवून काय करू. तिनं नथ एका हातानं वर धरली आणि दुसरा हात माझ्याकडं केला.

मी बाटली दिली. तिनं मान मागं टाकली आणि वरून धार धरून प्यायला लागली, एका दमात, थेंब न सांडता. इतकी वर्षं मी तिला बोटीवर बघितलं, गाताना बघितलं, नाचताना बघितलं, वडिलांच्या नावानं रडताना बघितलं. पाणी पिताना कधीच बघितलं नव्हतं.

बाटली रिकामी झाली. तिनं ती उलटी करून मला दाखवली.

"आजून हाय का गो?" तिनं विचारलं.