शेवटच्या टाकीतला पाहुणा

मत्स्यालयाच्या शेवटच्या टाकीपाशी पोचेपर्यंत लोकांचे पाय भरून आलेले असतात. शार्क बघून झालेला असतो, कासवासोबत फोटो काढून झालेला असतो. मग वाळूत पडलेले ते तपकिरी, खरबरीत, हातभर लांबीचे गोळे दिसतात आणि प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो, "मेलंय का हो हे?"

या प्रश्नाने ती टाकी सांभाळणाऱ्या ताईचं डोकं उठायचं. बरं, टाकीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'समुद्री काकडी, जिवंत प्राणी'. पण वाचायचे कष्ट कोण घेणार? "जिवंत आहे," ती फडकं पिळत सांगायची. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "मग हलत का नाही?" यावर तिच्या जिभेवर जे यायचं ते ती गिळून टाकायची, कारण नोकरी टिकवायची होती.

नोकरीला लागताना तिला कासवं हवी होती. वाट्याला आल्या काकड्या. त्यांना ना डोळे, ना मेंदू. तोंडाने वाळू गिळायची, तिच्यातली घाण पचवायची आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ वाळू बाहेर टाकायची, एवढाच जन्मभराचा उद्योग. "आपल्यासारखंच की," ताई म्हणायची, "फक्त यांना संध्याकाळी कोणी विचारत नाही, दिवसभर केलंस काय?" सुरुवातीला एकदा टाकी साफ करताना तिने एकीला जरा जास्तच हाताळलं, तर त्या बयेने स्वतःची आतडीच बाहेर टाकली. ताई रडकुंडीला आली. पंपवाले काका म्हणाले, "घाबरू नकोस. छळ सोसेनासा झाला की आतलं सगळं टाकून देते, मग नवं उगवतं." तसं ते उगवलंही. ताईला तिचा हेवाच वाटला. असं एकदा सगळं काढून टाकता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

कारण घरी बाळ होता. बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ, टक्कल पडलेला, पन्नाशीकडे झुकलेला. नवं काम मिळेपर्यंत म्हणून आला तो एक पिशवी घेऊन, आणि बाहेरची खोली, पलंग, टीव्ही, सगळं हळूहळू त्याचं झालं. नवरा गेल्यापासून ताईचं म्हणून जे काही होतं, ते एवढंच होतं. आता ती स्वयंपाकघरात, मोरीला पाय लावून, जमिनीवर झोपायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघे वाचवायचे तर खाली झोपू नका. तिला तिचा पलंग परत हवा होता, दुसरं काही नको. "बाळ, आता तुझं तू बघ" एवढं एक वाक्य ती रोज बसमध्ये घोकायची आणि रोज घरी पोचल्यावर त्याला जेवायला वाढायची. आई जाताना म्हणाली होती, बाळाकडे लक्ष ठेव. किती वर्षं ठेवायचं, ते सांगायला मात्र विसरली.

त्या दिवशी बाळ पहिल्यांदाच मत्स्यालयात आला. किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, म्हणे. ताईने कपाळाला हात लावला, पण खिशातून किल्ली काढलीच. तेवढ्यात बाळ काचेला नाक लावून म्हणाला, "अगं ताई, हे बघ काय."

एक वीतभर लांब, काचेसारखा आरपार दिसणारा मासा सर्वांत मोठ्या काकडीच्या मागच्या टोकाशी घुटमळत होता. त्याने तिथे शेपूट टेकवलं आणि उलट्या पावली सरळ तिच्या पोटात शिरला.

"तो तिथेच राहतो," ताई म्हणाली. "आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. खायला बाहेर येतो, पोट भरलं की परत आत."

बाळ पोट धरून हसला. "हुशार आहे की लेकाचा. घर आयतं, भाडं नाही. आणि तिचीही काही तक्रार दिसत नाही. तिला चालतंय म्हणूनच दार उघडं ठेवते ना?"

"ती श्वास तिथूनच घेते," ताई म्हणाली. "दार मिटलं तर जीव गुदमरेल. म्हणून उघडावं लागतं, आणि हा टपून बसलेला असतो. चालतंय कुठलं."

हे बोलताना आपला आवाज चढलाय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बाळचं हसू विरलं.

"सगळ्यांच्या पोटात शिरतो का असा?" त्याने विचारलं.

"नाही. काही जातींना त्या दाराशी दात असतात."

ताईला त्याची दया आली, त्या दयेचा रागही आला, आणि रोज बसमध्ये घोकलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं. "बाळ, महिनाअखेरपर्यंत खोली बघ. मला माझा पलंग हवाय. गुडघे दुखतात माझे, रात्रभर दुखतात."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

बाळने किल्लीसाठी हात पुढे केला, पण नजर वर केली नाही. "आज रात्रीपासून मी खाली झोपतो," तो म्हणाला. "खोली उद्यापासून बघतो."

"बघ," ताई म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. डोळे भरून आले होते, तरी शब्द मागे घेतला नाही.

तो गेल्यावर एक आजोबा काठी टेकत टाकीशी आले. वाकून बघितलं आणि विचारलं, "मेलंय का हो हे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताई त्या प्रश्नाला चिडली नाही.

"नाही आजोबा," ती म्हणाली, "जिवंत आहे. जरा उशिरा हलते, एवढंच."