शेऱ्याचा रकाना

डेव्हलपर मला मावशी म्हणाला, म्हणून मी त्याला सगळं सॉफ्टवेअर उघडायचे-बदलायचे राइट्स देऊन टाकले. मूर्खपणा तो एवढाच. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी तेव्हा सिस्टीम इन्चार्ज होते. गळ्यात आयडी कार्ड, नवा चष्मा, आणि आपल्यावाचून कंपनीचं पान हलत नाही अशी पक्की समजूत.

बाजरीचं संकरित बियाणं करायला एक नर वाण लागतो, एक मादी वाण. कुणाची जोडी कुणाशी, हे एका स्क्रीनवर होतं. कंपनीचं सगळं गुपित तेच. त्या स्क्रीनवर शेवटी शेऱ्याचा रकाना. तिथे काकडे सर लिहायचे. सर आमचे ब्रीडर, म्हणजे नवे वाण तयार करणारे. दुसरा कुणी 'समाधानकारक' लिहून मोकळा झाला असता. सर लिहायचे, 'फुलोऱ्यावर उशिरा येते, पण रुसत नाही.' 'पाणी जास्त दिलं की लाडावते.'

माझं त्या स्क्रीनवर काडीचं काम नव्हतं. तरी सकाळच्या चहाआधी मी ती रोज उघडायचे. पन्नाशीला आलेली बाई, बाजरीचे शेरे वाचून गालातल्या गालात हसायची!

तर तो डेव्हलपर, रोहित. त्याला लेबल छापायचा प्रोग्राम बदलायचा होता. असं काम टेस्ट कॉपीवर करायचं असतं, म्हणजे खोट्या माहितीवर. आमची टेस्ट कॉपी जुनी झालेली. नवी करायला अर्धा दिवस गेला असता.

"मावशी, लाइव्हवरच द्या ना. पाच मिनिटांचं काम हाय."

दिलं, खऱ्या माहितीवरच. त्यानं तपासायला एका जोडीचे नर-मादी कोड उलटे केले. लेबल बदललं, पोरगा खूश. कोड परत सुलटे करायचं मात्र राहून गेलं.

आठेक दिवसांनी हसनाबादहून कौसाबाईंचा फोन. त्या बरीच वर्षं आमच्यासाठी बियाण्याचा प्लॉट करायच्या.

"मॅडम, मादीच्या पिशवीत नराचा दाणा हाय."

"लेबल कॉम्प्युटरवरून निघतं, कौसाबाई. चुकत नाही."

"कॉम्प्युटरनं पेरलंय का कधी? जल्दी या. उद्या पेरा हाय."

सर आणि मी जीपने गेलो. सरांनी दाणा तळहातावर घेतला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कौसाबाईंचं बराबर आहे." त्या लेबलच्या सगळ्या पिशव्या परत मागवल्या. पेरा चार दिवस लांबला, पण हंगाम वाचला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं.

"ती स्क्रीन किती जणांना दिसते?"

"सगळ्यांना."

"आणि लागते किती जणांना?"

"दोघांना. काकडे सर आणि त्यांचा असिस्टंट."

"मंग?"

मग मी नियम केला. डेव्हलपरला फक्त टेस्ट कॉपी. खरी स्क्रीन हवी तर काम लिहून द्यायचं, काम संपलं की राइट बंद. ती स्क्रीन दिसणाऱ्यांची यादी खाली सरकत सरकत माझ्याच नावाशी आली. समोर 'काम' म्हणून काय लिहू? शेरे वाचणे? स्वतःच्या हाताने स्वतःचा राइट काढला आणि ताठ मानेने घरी गेले. इन्चार्ज होते, कधीही परत घेता आला असता. नाही घेतला. अकड!

सर रिटायर झाले त्या दिवशी जिन्यात भेटले. म्हणाले, "शेवटच्या वाणाच्या शेऱ्यात तुमच्याविषयी दोन शब्द टाकलेत."

"सर, मला ती स्क्रीन दिसत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर धीर झाला."

काय लिहिलंय, हे तिथेच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "तब्येतीला जपा." एवढं सुचलं मला.

सर आता नाहीत. मी रिटायर होऊन नातवंडं सांभाळते. राइट्स देताना माणूस बघू नये, काम बघावं, हे मी ऑफिसात प्रत्येकाला घोटून शिकवलं. संगीतालाही. ती बदनापूरहून ये-जा करते, आता माझ्या खुर्चीवर बसते. गेल्या महिन्यात हिय्या करून तिला फोन लावला. म्हटलं, एक शेरा फक्त वाचून दाखव, कुणाला कळणार आहे?

ती म्हणाली, "ताई, काम काय हाय ते लिहून द्या, लगेच उघडते. नियम तुमचाच हाय."