विम्याची चिठ्ठी आणि सकाळची बोटं

सकाळी उठल्यावर माझी बोटं मिटायची नाहीत. जोर करून मिटवली तर उघडायची नाहीत. नव्वद सालानंतरची गोष्ट, मी चाळिशीच्या आतली. आमचे हे सातपूरला कारखान्यात, मी घरी बसून फुलबाजारासाठी हार ओवायची. एक दिवस सुई बोटांत धरली आणि ती कधी खाली पडली ते मला कळलंच नाही.

दुखण्याचं मला एवढं नव्हतं हो. भीती होती ती आत्याची. माझ्या आत्याच्या हातांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी मुठी वळल्या त्या वळल्याच. लहानपणी मी तिला भाकरीचा घास भरवलाय. ती तोंड उघडायची आणि डोळे मात्र घट्ट मिटून घ्यायची. का मिटते, ते मला आता कळायला लागलं होतं. पहाटे जाग आली की मी आधी पांघरुणातच हात चाचपायची.

ह्यांच्या पगारातून विम्याचं कापून जायचं, म्हणून कार्ड होतं. विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "वात आहे, शेक द्या." वर्षभर शेक दिला. मग ह्यांना कारखान्यात कुणी सांगितलं, की सांध्यांचे डॉक्टर वेगळे असतात, हाडांचे वेगळे. झालं, आम्ही कोपऱ्यावरच्या पीसीओवर जाऊन बसलो. हे नंबर फिरवायचे, बोलायची मी.

"सांधेवाताचे डॉक्टर आहेत का?"

"हाडांचे आहेत."

"हाडं धड आहेत माझी. सांधे गेलेत."

असं कितीदा झालं. एका ठिकाणी सांधेवाताचे निघाले, तर विम्याचं म्हटल्याबरोबर तिकडच्या बाईने फोन ठेवला. पीसीओवाला म्हणाला, "मावशी, आधी विम्याचं सांगू नका, आधी आजार सांगा." मी म्हटलं, "आजार सांगून झाला की मग तर जास्तच वाईट वाटतं, बाबा."

शेवटी कॉलेज रोडचा एक दवाखाना लागला. दर गुरुवारी सांधेवाताचे डॉक्टर बसतात, विम्याचं चालतं, पण विम्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी. चिठ्ठीशिवाय आत सोडत नाहीत.

आता ही चिठ्ठी काही मिळेना. तीनदा गेले. डॉक्टर हात बघायचे, म्हणायचे, "मूठ करा." मी करायची. "उघडा." उघडायची. "काय त्रास आहे?" "तसं बरं आहे," मी म्हणायची. आम्हाला शिकवलंच तसं, मोठ्या माणसासमोर रडगाणं गायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, "एवढ्यासाठी वर पाठवता येत नाही." आणि मी मान हलवून परत यायची. घरी आले की हे विचारायचे, "सांगितलंस का नीट?" मी म्हणायची, "सांगितलं." काय सांगितलं होतं, ते माझं मला माहीत.

तिसऱ्या खेपेला तिथल्या वयस्क सिस्टरने मला व्हरांड्यात गाठलं. "बाई, तुम्ही किती वाजता उठता?"

"चारला."

"आणि इथे येता अकराला. मधे काय करता?"

मी सांगितलं. कोमट पाण्यात हात घालून तासभर बसते. मग कुठे वेणी येते, बांगड्या चढतात, निऱ्या घालता येतात. डॉक्टरकडे जायचं म्हणजे माणसात जायचं, नीटनेटकं नको का?

सिस्टरने कपाळावर हात मारला. "तुम्ही बरं होऊन येता हो इथे. उद्या दवाखाना उघडताना या. पाणी नाही, वेणी नाही, बांगड्या नाहीत. उठाल तशा या."

मी रात्रभर जागी. वेणी नाही ते एक वेळ चालेल, पण सवाष्ण बाई रिकाम्या हातांनी उंबरा ओलांडणार? पहाटे सासूबाईंना सांगितलं. वाटलं, आता बोलणार. त्या माझे हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "लय सुजलेत गं. मला कधी दाखवलं नाय."

"तुम्ही उठायच्या आत शेकून घ्यायची, आई."

त्या उठल्या. हार ओवायचा दोरा हळदीत भिजवून आणला आणि माझ्या दोन्ही मनगटांना सैलसर बांधला. "हात रिकामे नाय आता. जा."

साडी त्यांनीच गुंडाळून दिली. स्कूटरवर मला ह्यांना धरून बसता येईना, म्हणून ह्यांनी रिक्षा आणली. केस मोकळे, तोंड पारोसं, मी पदर नाकापर्यंत ओढून बसले. ओळखीचं कुणी दिसू नये एवढंच मागत होते.

डॉक्टर म्हणाले, "मूठ करा." झाली नाही. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं, सही करायला सांगितली. पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. सिस्टरने उचललं. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे?"

सवयीने 'बरं' जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आत्याचे मिटलेले डोळे समोर आले. मी म्हटलं, "साहेब, मला हाताने जेवता येईना. काल पोरीने भरवलं." हे मी घरात ह्यांनाही सांगितलं नव्हतं. हे बाजूलाच उभे होते.

चिठ्ठी मिळाली. गुरुवारच्या डॉक्टरांनी एकेक पेर दाबून "इथे? इथे?" असं विचारलं आणि मी प्रत्येकाला "हो" म्हटलं. आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी दिली. वाकडं झालेलं सरळ होणार नाही, म्हणाले, पुढचं थांबवू. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडंच राहिलं. बाकीची आठ अजून आहेत.

तरी पहाटे जाग आली की अजून आधी पांघरुणात मूठ करून बघते. मिटते. मग उघडून बघते. आणि दवाखान्याची तारीख असली की पारोशीच जाते, मनगटाला दोरा बांधून. सासूबाई गेल्या, आता तो लेक बांधते.