सहाच्या बॅकअपमधली नऊ चाळीसची नोंद

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. माझे वडील नांदेडला विहारात पोरांना विज्ञानाचे प्रयोग दाखवायचे. 'तपासल्याशिवाय मानू नको' हे ऐकतच मी वाढले. त्यामुळे घडलं तेवढंच लिहिते.

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तिथल्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिस विभागाचा डेटाबेस सांभाळायचे. डायलिसिसला पाणी लई लागतं. टँकर नाही आला तर पेशंटला नांदेडला पाठवायचं.

रोज सकाळी सहाला बॅकअप व्हायचा. त्यासाठी काम थांबवावं लागत नसे – सिस्टर नोंदी करत राहायच्या, मागे कॉपी होत राहायची. सहानंतरच्या नोंदी लॉगच्या फाइलमध्ये जमत. बॅकअपवर तो लॉग चढवला की सगळं परत मिळतं. पण त्या दिवशी साडेदहाला सर्व्हरची डिस्कच गेली... आणि लॉगही त्याच डिस्कवर! चूक माझीच.

सहाचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर होता, तो रिस्टोर केला. सकाळच्या नोंदी गेल्याच होत्या. कागदावर होत्या तेवढ्या पुन्हा भरल्या.

दोनला टँकर आला. मुरुडच्या कौशल्याबाईंचा नंबर लागला. टेक्निशियन शेखभाई इंजेक्शन भरून तयार होते. त्यांनी स्क्रीनवर बाईंचं पान उघडलं.

"म्याडम, हे लाल अक्षरात काय हाय?"

मी वाकून वाचलं – 'हेपारिन देऊ नये. नांदेडला रिॲक्शन. – संगीता सिस्टर.'

हेपारिन म्हणजे मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध. शेखभाईंच्या हातात तेच होतं. त्यांनी सिरिंज हळूच ट्रेमध्ये ठेवली.

"मावशी, मागच्या टायमाला नांदेडला तरास झालता का?"

"हाव की. लई कापरं भरलं, दम लागला. उन्हाचं असंल म्हणून म्या काय बोललेच न्हाई."

डॉक्टरांनी नांदेडला फोन लावला. खरं होतं. तिथून सकाळीच कळवलं होतं. बाईंचं डायलिसिस हेपारिनशिवाय नीट पार पडलं, आणि त्या लेकीचा हात धरून चालत घरी गेल्या. मी जिन्यात बसून रडले... इतकं हलकं वाटत होतं.

मग त्या नोंदीची वेळ बघितली. नऊ चाळीस.

सहाच्या बॅकअपमध्ये?

संगीता सिस्टर दहाच्या बसनं देगलूरला माहेरी गेलेली. संध्याकाळी तिचा फोन लागला. "अगं, नांदेडचा फोन आला तसं लगेच कॉम्प्युटरमध्ये टाकलं. कागदावर लिहायचं राहिलं, कुणाला सांगायचंबी राहिलं. बाई बऱ्या हायेत ना?"

"एकदम बऱ्या."

"मग सुटले बाई!"

दुसऱ्या दिवशी तोच बॅकअप वेगळ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर केला. नोंद नव्हती. तीनदा केलं – नव्हती. नंतर कुणी भरली म्हणावं, तर सिस्टरशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि ती बसमध्ये होती. पुण्याच्या एका जाणकाराला फाइल्स दाखवल्या. त्यानं दोनदा तपासून त्या तशाच परत पाठवल्या.

लॉग आता वेगळ्या डिस्कवर असतो. कौशल्याबाई पुढच्या वेळी वेळेवर आल्या. मी दारातच उभी होते.

"काय ग पोरी, अशी काय बघायलीस माझ्याकडं?"

मी म्हटलं, "काही नाही मावशी... बसा, पाणी आलंय."